बसवून ठेवतात, म्हणूनच तिथं जा

बेळगावातल्या या सीटी सेंटरविषयी कुणालाही विचारा, तक्रार एकच: फार बसवून ठेवतात. नंबर आला तरी आत घेत नाहीत, सारखी नाडी बघतात, गोळी देतात, परत बसायला सांगतात. मीही तिथं हृदयाचा सीटी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी (शिरेतनं डाय सोडून हृदयाच्या धमन्यांचे एक्स-रे फोटो), काढून आलोय, आणि माझं मत नेमकं उलटं आहे. पैसे वसूल होतात ते त्या बसण्यातच. मशीन, एसी, काचेचं दार हे सगळं त्याच्या मागनं.

नाव घालत नाही. खाली दुसऱ्या एका सेंटरची गोष्ट येणार आहे, आणि बेळगावात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही. काय बघायचं नि काय विचारायचं एवढं कळलं तर निपाणी, हुबळी, कोल्हापूर कुठलंही सेंटर तुमचं तुम्हालाच पारखता येईल.

मी डॉक्टर नाही. उद्यमबागेत फौंड्रीत कास्टिंगचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, एक्स-रे काढण्यात माझी नोकरी गेली. रेडिओग्राफरचा कोर्स केलेला, छातीवर किरण मोजणारा बिल्ला, आणि काम बहुतेक रात्रपाळीचं. माणसं घरी गेली की भोवतीनं दोरी बांधायची, लाल दिवा लावायचा आणि लांबनं हँडल फिरवून किरण सोडणारा इरिडियमचा सोर्स बाहेर काढायचा. इरिडियम-१९२ चा जोर ७४ दिवसांत निम्म्यावर येतो, त्यामुळं एक्स्पोजरचा हिशेब सारखा नव्यानं मांडावा लागे. फिल्म दोन जातींच्या वापरायचो. डी-७ लवकर निघते पण दाणा जाड, डी-४ ला वेळ लागतो पण दाणा बारीक. प्रत्येक कास्टिंगवर पेनेट्रामीटर ठेवायचा, म्हणजे चढत्या जाडीच्या तारांची एक पट्टी. ठरलेली तार फिल्मवर दिसली की फिल्म पास. त्याहून सुंदर फोटोसाठी कुणी जादा वेळ लावला तर आमचे साहेब विचारायचे, ‘काय रे, लग्नाच्या अल्बमात लावतोस का?’

तेव्हा चित्र कामापुरतं हवं, हे माझ्या अंगात मुरलेलं आहे. फरक एवढाच की लोखंडाला डोसचं, म्हणजे अंगात किती किरण गेले त्याचं, सोयरसुतक नसतं आणि कास्टिंग धडधडत नाही. हृदयाच्या सीटीतली सगळी अडचण या दोन गोष्टींची आहे.

आता आधी साडूंचं सांगतो, म्हणजे मग माझं कळेल.

साडू खानापूर तालुक्यातले. त्यांनी माझ्या आधी दुसऱ्या एका ठिकाणी हाच सीटी काढला. गेल्या गेल्या आत घेतलं, चहा थंड व्हायच्या आत बाहेर. ‘काय सर्व्हिस आहे!’ म्हणून ते येईल त्याला सांगत होते. रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं: उजव्या धमनीचा मधला भाग हालचालीमुळं नीट दिसत नाही, गरज वाटल्यास कॅथेटर अँजिओग्राफी करावी. मग ती केली. मनगटातनं तार, परत किरण, परत डाय, परत पैसे. निघालं काहीच नाही.

त्यांची सीडी मी घरी कॉम्प्युटरवर लावली. हृदयाची चित्रं मला वाचता येत नाहीत, पण सीडीच्या शेवटी एक साधं पान असतं, त्यावर डोसचा तक्ता. ते मला येतं. तिथं किरणांची शक्ती १२० केव्ही, आणि डीएलपीच्या रकान्यात १०१२. चित्रं सुरू होत होती गळ्याच्या हाडापासनं आणि संपत होती निम्मं यकृत आल्यावर, साधारण २२ सेंटिमीटर. हृदयाला १२ ते १४ पुरतात. बायपास झालेल्या माणसाचं लांब घ्यावं लागतं, कारण छातीतली जोडलेली धमनी वर गळ्याच्या हाडाखालनं निघते. साडूंचं बायपास झालेलं नाही. ईसीजीच्या पट्टीवर ठोके होते मिनिटाला ८४.

डीएलपी म्हणजे काय ते थोडक्यात. मशीननं एका जागी किती किरण सोडले, गुणिले किती लांबीवर सोडले. म्हणून लांबी दुप्पट तर डीएलपी दुप्पट, त्यात कसलीच जादू नाही. छातीसाठी त्याला ०.०१४ नं गुणलं की मिलिसिव्हर्ट, म्हणजे शरीराला बसलेल्या किरणांचं माप, येतात असा जुना हिशेब आहे. त्यानं साडूंचे झाले १४. अलीकडं हृदयापुरता ०.०२६ हा गुणक घ्यावा असं म्हणणारे आहेत, त्यानं आकडा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून मिलिसिव्हर्टवरनं दोन सेंटर जोखायच्या भानगडीत पडू नका, डीएलपीला डीएलपी लावून बघा.

१०१२ जास्त की कमी? याला चांगला दाखला आहे. प्रोटेक्शन नावाचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आहे. २००७ साली त्यांनी ५० ठिकाणच्या हृदयाच्या सीटींचे डोस गोळा केले, तेव्हा डीएलपीचा मधला आकडा आला ८८५. २०१७ साली ३२ देशांतल्या ६१ ठिकाणी परत मोजलं, तेव्हा तोच आकडा १९५ वर आला होता. दहा वर्षांत ७८ टक्के घट. पण त्याच अभ्यासात सगळ्यांत कमी डोस देणारं नि सगळ्यांत जास्त देणारं ठिकाण यांच्यात तीसपटीहून मोठं अंतर निघालं. म्हणजे तंत्र सगळ्यांच्या हाताशी आलं, वापरणारे थोडे. साडूंचं सेंटर २००७ सालातच बसलं होतं म्हणायचं.

आणि एवढा डोस देऊन चित्र खराबच! लोकांना वाटतं किरण जास्त तर फोटो चांगला. ते अर्धंच खरं आहे. चित्र दोन कारणांनी बिघडतं. एक म्हणजे दाणे येतात, आणि ते डोस वाढवला की कमी होतात. तेही रडतखडत, डोस दुप्पट केला तर दाणे निम्मे होत नाहीत, सत्तर टक्क्यांवर येतात. दुसरं कारण हलणं. त्याच्यावर डोसचा काडीचा उपयोग नाही. हलणाऱ्या धमनीवर कितीही किरण ओता, हललेलीच दिसणार, फक्त बिनदाण्यांची.

उजवी धमनी हृदयाच्या खोबणीत असते आणि दर ठोक्याला सगळ्यांत जास्त तीच सरकते. मशीनचा अंगाभोवतीचा फेरा ०.३५ सेकंदाचा धरला तर एका चित्राला निम्मा फेरा, म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा लागतो. ठोके ८४ असले की एक ठोका पाऊण सेकंदाच्याही आत उरकतो, आणि त्यात हृदय निवांत असण्याचा वेळ जवळजवळ उरतच नाही. ठोके ६० च्या खाली आणले की ठोका सेकंदभराचा होतो आणि त्याच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास हृदय क्षणभर स्वस्थ राहतं. फोटो तिथं काढायचा.

याचे दोन रस्ते आहेत. पहिल्यात मशीन ईसीजीकडं बघतं आणि त्या स्वस्थ क्षणापुरतेच किरण सोडतं. मग बंद. टेबल पुढं सरकतं, पुढच्या ठोक्याला परत. दुसऱ्यात टेबल सावकाश सरकत राहतं, किरण सगळा वेळ चालू, आणि नंतर कॉम्प्युटरवर बसून त्यातली बरी चित्रं वेचायची. दुसऱ्या रस्त्यात डोस कित्येक पट लागतो. वेडेवाकडे ठोके असणाऱ्यांना, किंवा झडपेची हालचाल बघायची असेल तर, तो कधी कधी घ्यावा लागतो. पण ज्याची नाडी एका गोळीनं उतरली असती त्याला घाईपायी तिकडं नेणं म्हणजे आपला वेळ वाचवून त्याच्या छातीवर बिल फाडणं. साडूंना गोळी दिलीच नव्हती. विचारलंसुद्धा नव्हतं.

आता माझं. चढ चढताना छातीत आवळायला लागलं, टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी, केली ती धड पास नाही, धड नापास नाही. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, सीटी करून टाका. मी त्यांना विचारलं, ‘करायलाच पाहिजे?’ ते म्हणाले, ‘तुमच्यासारख्या मधल्या माणसांसाठीच ती तपासणी आहे. नक्की ब्लॉक वाटला असता तर थेट तारेची अँजिओ सांगितली असती, आणि काहीच वाटलं नसतं तर घरी पाठवलं असतं.’ हे उत्तर मला पटलं. कमी डोसाची पहिली पायरी हीच, गरज नसेल तर काढूच नये. हल्ली पॅकेजात हृदयाचा सीटी फुकटात जोडून देतात त्याच्यापासनं लांब राहा.

फोनवर वेळ घेतानाच सेंटरच्या माणसानं सांगितलं, सकाळी चहा-कॉफी घेऊ नका, नाडी वाढते. किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणा. साखरेची गोळी कुठली चालू आहे ते लिहून आणा. बेळगावच्या माणसाला सकाळी चहाशिवाय घराबाहेर काढणं सोपं नाही, पण गेलो.

तिथं वजन, उंची, बीपी. दमा आहे का हे दोघांनी वेगवेगळं विचारलं, कारण नाडी उतरवायची ती गोळी दम्याच्या माणसाला त्रास देऊ शकते. माझे ठोके ७८. मेटोप्रोलॉलची ५० ची गोळी दिली नि बसवलं. समोर एक गृहस्थ घड्याळ बघून तणतणत होते, ‘पैसे भरून काय देवळात बसायला आलोय काय?’ ब्रदर येऊन ज्याच्या त्याच्या बोटाला क्लिप लावून जात होता. तासाभरानं माझे ६४. परत बसा. त्यांची रेघ ६० वर होती आणि कुणाच्या तणतणीनं ती हलत नव्हती. ५८ आले तेव्हा उठवलं.

या मधल्या वेळात त्यांनी जे केलं ते मी दुसरीकडं पाहिलं नव्हतं. टेक्निशियन मुलगी बाहेर येऊन बसलेल्या प्रत्येकाकडनं श्वास धरायची तालीम करून घेत होती. श्वास घ्या, अर्धाच, फार ओढू नका, धरा, हलू नका, सोडा. माझ्या शेजारी जांबोटीकडची एक म्हातारी होती, मराठीशिवाय दुसरं काही न कळणारी. तिला म्हणाली, ‘आजी, मी सोड म्हणेपर्यंत धरायचा हां. पोटपण हलवायचं न्हाई.’ पलीकडं सौंदत्तीकडचे एक शेतकरी, त्यांना तेच सगळं कन्नडात. मशीनमध्ये श्वासाची सूचना भरलेली असते, ती बहुतेक ठिकाणी इंग्रजीतनं नाहीतर हिंदीतनं वाजते. इथं तो आवाज बंद ठेवतात आणि ही मुलगी माइकवरनं ज्याला जी भाषा येते तीत सांगते. आजीला इंग्रजी सूचना ऐकून कळेपर्यंत किरण सोडून झाले असते, आणि मग परत काढा. परत काढणं म्हणजे दुप्पट डोस. बाकीची सगळी काटकसर त्या एका चुकीत पाण्यात.

ब्रदरनं माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, ताकदीची कसली गोळी घेतली नाही ना काल-परवा? मी हसलो, तर तो गंभीर. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा फवारा मारतात, त्यानं धमन्या जरा फुगून स्पष्ट दिसतात. पण सिल्डेनाफिलच्या जातीचं काही घेतलेलं असेल तर बीपी धोकादायक खाली जाऊ शकतं. विचारतील तेव्हा बायको शेजारी आहे म्हणून खोटं बोलू नका.

आत गेल्यावर उजव्या हाताच्या कोपराजवळ हिरवी जाड सुई, दोन्ही हात डोक्यावर, छातीवर ईसीजीच्या चिकट्या. पडद्यावर लाट बारीक येत होती म्हणून मुलीनं एक चिकटी काढली, तेवढ्या जागेवर वस्तरा फिरवला आणि परत लावली. ती बारीक गोष्ट नव्हे. किरण कधी सोडायचे ते मशीन त्याच लाटेवरनं ठरवतं; लाट चुकली की क्षण चुकला. मग डाय. अंगातनं गरम लोट जातो, कपड्यात लघवी झाली की काय असं वाटतं, होत नाही. माइकवरनं ‘काका, धरा’ आणि दहा मोजायच्या आत ‘सोडा’. झालं. यासाठी सकाळ गेली.

शेजारच्या एकानं अंगावर शिशाचं कापड टाका म्हणून हट्ट धरला होता. त्याला नाही म्हणाले, ते बरोबर. सीटीत किरण सगळ्या बाजूंनी फिरतात, आणि शरीराच्या आतनं जे विखुरतात त्यांना बाहेरचं शिसं थांबवत नाही. वर शिसं किरणांच्या वाटेत आलं तर मशीन त्याला जाड शरीर समजून करंट वाढवू शकतं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१९ सालीच रुग्णाच्या जननेंद्रियांवर शिसं टाकायची जुनी सवय सोडा म्हणून सांगितलंय. शिशाचं कापड कामगारासाठी, जो रोज तिथं उभा असतो.

रिपोर्ट न्यायला गेलो तेव्हा सीटी वाचणाऱ्या डॉक्टरीणबाईंना भेटायचंय म्हटलं. काउंटरवरच्या पोरानं आधी टोलवलं, मग फौंड्रीतला रेडिओग्राफर म्हटल्यावर आत जाऊन विचारून आला. बाई कन्नड घरातल्या, मराठी झकास. मी म्हटलं, डोसचं पान बघायचंय. त्या म्हणाल्या, ‘काका, हे कुणी विचारतच नाही की!’ आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे धमन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजायचा, सीटी ३१, सीटी अँजिओचा १८२. एकूण २१३. साडूंच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. कॅल्शियमचा १२० केव्हीवर, अँजिओचा १०० वर. कॅल्शियमचा कमी केव्हीवर का नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तो स्कोअर १९९० सालचा, हल्लीच्या मशीनवर तो १२० केव्ही धरूनच मोजतात, उजेडाच्या मापात १३० च्या वर ते कॅल्शियम अशी त्याची रेघ आहे. केव्ही बदललं तर रेघ खोटी पडते. अँजिओत मात्र डायमधलं आयोडीन बघायचं असतं, आणि आयोडीन कमी शक्तीच्या किरणांना जास्त अडवतं. त्यामुळं १०० केव्हीला डोस साधारण तिसऱ्या हिश्श्यानं उतरतो आणि धमनी उलट जास्त उजळ दिसते. दाणे थोडे वाढतात, पण उजेड वाढल्यामुळं खपून जातात.

मग त्यांनी महाधमनीच्या चित्रात माउसनं एक छोटा गोल काढला. गोलाशेजारी दोन आकडे उमटले: ४६२ आणि ३१. पहिला उजेड, दुसरा दाणा. ‘याला त्यानं भागा. पंधराच्या घरात येतं. मला एवढं पुरतं. तीस आणायचं म्हटलं तर डोस चौपट लागेल, आणि रिपोर्टात एक शब्द बदलणार नाही.’

माझ्या आयुष्यभराच्या पेनेट्रामीटरचं उत्तर त्या गोलात होतं. मी बराच वेळ बघत बसलो, बाईंनी बसू दिलं.

एक चित्र त्यांनी दोन तऱ्हेनं दाखवलं. एकात दाणे दिसत होते, दुसरं कॉम्प्युटरनं दाणे काढून गुळगुळीत केलेलं. मला गुळगुळीत चित्राचा संशय येतो. कास्टिंगमधली केसासारखी चीर अशीच पुसली जाते. त्यांनाही ते मान्य होतं. त्या म्हणाल्या, दाणे काढणारी पद्धत आम्ही वापरतो, तिच्यामुळंच डोस एवढा खाली आणता येतो, पण पूर्ण जोरावर लावत नाही, बारीक फांद्यांच्या कडा मेणासारख्या दिसायला लागतात.

सगळ्यांना १०० केव्ही चालतं असंही नाही. माझं वजन ६१ आहे. गोकाककडचे एक धिप्पाड पाहुणे माझ्यामागं होते, त्यांचा १२० वर काढला. त्यांच्या शरीरातनं १०० चे किरण पुरेसे पलीकडं पोचले नसते, चित्र दाण्यांनी भरलं असतं आणि परत काढायची वेळ आली असती. जुना स्टेंट असला तरी थोडा जादा डोस समजून घ्यावा, जाळीच्या आत डोकवायचं म्हणजे कडा तीक्ष्ण लागतात, आणि तीन मिलिमीटरहून बारीक स्टेंट तर बऱ्याचदा त्यानंही दिसत नाही. डोस फार कमी ठेवून वाचताच न येणारं चित्र काढलं तर जेवढे किरण घातले तेवढे सगळे फुकट गेले, हे आमच्याकडं फौंड्रीत नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगत.

बाईमाणसांच्या, त्यातून तरुण बाईच्या बाबतीत हा सगळा हिशेब जास्त कडक हवा. स्तन थेट किरणांच्या वाटेत येतात. २००७ साली अमेरिकेत एक हिशेब प्रसिद्ध झाला होता, तेव्हाच्या डोसांवर. एका हृदयाच्या सीटीमुळं पुढं आयुष्यात कॅन्सर होण्याची अंदाजी शक्यता २० वर्षांच्या बाईला १४३ मध्ये एक, आणि ८० वर्षांच्या पुरुषाला ३२६१ मध्ये एक. आज डोस पुष्कळ उतरलेत, त्यामुळं हे आकडे जसेच्या तसे घेऊन घाबरायचं कारण नाही, पण दोघांतलं अंतर ध्यानात ठेवा. माझ्या वयाला तीन मिलिसिव्हर्टची मी चिंता केली नाही. जगात सरासरी माणसाला जमिनीतनं, हवेतनं, आकाशातनं वर्षाला अडीच-तीन मिळतातच. सुनेचा काढायचा म्हटला असता तर चार प्रश्न जादा विचारले असते.

कामगाराला आपल्याकडं पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, कुठल्याही एका वर्षात ३०. पेशंटला अशी मर्यादा कायद्यात नाही, कारण कुणाला किती लागेल ते आजारावर ठरतं. म्हणून तर सेंटरची नियत महत्त्वाची. बिल्ल्यावर जास्त आलं की आमच्या फौंड्रीला पत्र यायचं. साडूंच्या १०१२ बद्दल कुणाला काही पत्र येणार नाही.

बोर्डावरच्या स्लाइसच्या, म्हणजे एका फेऱ्यात निघणाऱ्या चकत्यांच्या, आकड्याला भुलू नका, हे जाता जाता. बऱ्याच १२८ स्लाइसच्या मशीनमध्ये किरण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या ओळी ६४ च असतात, एकेक ओळ दोनदा वाचून आकडा दुप्पट होतो. १६ सेंटिमीटर रुंदीचं मशीन एका ठोक्यात अख्खं हृदय घेतं, ते खरंच वेगळं. पण ६४ ओळींच्या मशीनवर, नाडी उतरवून, लांबी मापात ठेवून काढलेला सीटी हा घाईत काढलेल्या महागड्या मशीनच्या सीटीपेक्षा कधीही सरस. माझा त्या ६४ वाल्यावरचाच होता.

आता उणं. पार्किंग नाही, दुचाकी गल्लीत लावून परत येईपर्यंत नाडी चढते, मग उतरवायला आणखी गोळी. बसायच्या खोलीतला एसी एवढा गार की म्हाताऱ्यांनी शाल न्यावी. रिपोर्टाच्या कागदावर डोसचा आकडा छापत नाहीत, आणि सीडीवरचं ते पानसुद्धा मी मागितल्यावर घातलं. एवढं चांगलं काम करून ते लपवून का ठेवायचं कळत नाही. बाईंना तसं म्हटलं, त्या बघू म्हणाल्या. सीडी घरच्या कॉम्प्युटरवर उघडायला नातवाची मदत लागली. दर साडेनऊ हजार, साडूंनी भरले त्याहून हजारभर जास्त; पण त्यांचा पुढचा तारेच्या अँजिओचा खर्च मिळवला तर बोलायलाच नको.

माझा निकाल: कॅल्शियम स्कोअर ८६, डाव्या पुढच्या धमनीत तीस-चाळीस टक्के अडथळा, बाकी मोकळं. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली, तार घालायची गरज नाही. चारही धमन्यांपुढं ‘चित्र वाचण्याजोगं’ असा शेरा.

जाणार असाल तर सकाळची पहिली वेळ मागा, डबा बरोबर न्या आणि दुपारची कामं ठेवू नका. दमा असेल तर फोनवरच सांगा. तशा माणसांना मेटोप्रोलॉलऐवजी दुसरी गोळी देतात, आणि ती हृदयाचे डॉक्टर सेंटरवर असतात त्याच दिवशी. काउंटरवर पैसे भरताना ‘डोसचं पान सीडीत घाला’ एवढं वाक्य म्हणा. पोरगा गोंधळला तर बाईंना विचारून ये म्हणा.